मिडलटन कपचा निकाल एकूण शॉट्सवर लागावा की जिंकलेल्या रिंकवर?

वारणाकाठ
मी इंग्लंडमध्ये वॉरिकशायर काउंटीत राहतो आणि उन्हाळ्यात गावातल्या क्लबकडून लॉन बाउल्स, म्हणजे हिरवळीवर बाउल नावाचे जड चेंडू लक्ष्याजवळ नेऊन थांबवण्याचा खेळ, खेळतो. रॉयल लेमिंग्टन स्पा येथील व्हिक्टोरिया पार्कवर ऑगस्टमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरतात आणि पुरुषांच्या काउंटी संघांसाठी असलेल्या मिडलटन कपचे अखेरचे सामनेही तिथेच होतात. त्या सामन्यांच्या निकालपद्धतीविषयी आमच्या क्लबात दर वर्षी वाद होतो. तोच वाद येथील जाणकारांपुढे ठेवावा, असे वाटले.

ज्यांना हा प्रकार परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका काउंटीचे चोवीस खेळाडू असतात. त्यांचे चौघाचौघांचे सहा गट पडतात आणि प्रत्येक गट प्रतिस्पर्धी काउंटीच्या एका गटाशी स्वतंत्र रिंकवर, म्हणजे मैदानाच्या आखून दिलेल्या पट्ट्यावर, खेळतो. हे सहाही सामने एकाच वेळी चालतात आणि शेवटी सहा रिंकवरच्या शॉट्सची, म्हणजे मिळवलेल्या गुणांची, बेरीज करून ज्या काउंटीची बेरीज जास्त ती विजयी ठरते.

आता असे समजा की आमच्या काउंटीने चार रिंक अनुक्रमे 2, 3, 1 आणि 4 शॉट्सनी जिंकल्या, पण उरलेल्या दोन रिंक 9 आणि 6 शॉट्सनी गमावल्या. म्हणजे आमची आघाडी 10 आणि पिछाडी 15. सहापैकी चार रिंक जिंकूनही आम्ही पाच शॉट्सनी हरलो. सोळा खेळाडूंनी आपापली लढत जिंकायची आणि आठ जणांच्या वाईट दिवसामुळे सगळ्यांनी घरी जायचे, हे मला पटत नाही. आपले मत काय?

उनाड पारवा
खेळच ठाऊक नसल्यामुळे मत देण्याचा अधिकार मला नाही, तरीही विचारतो. टीव्हीवर पाहताना हा प्रकार आमच्या वाड्यातल्या गोट्यांसारखा वाटतो. फरक इतकाच की येथे सगळ्यांचे कपडे पांढरे असतात आणि कोणाची आई जेवायला हाक मारत नाही. यात नेमके कौशल्य कोणते, हे कोणी समजावून सांगेल काय?

खडू आणि मोजपट्टी
पारवासाहेब, गोट्या सरळ जातात, बाउल सरळ जात नाही. तो पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू अशी घडवलेली असते की वेग कमी होत जाईल तसा तो त्या बाजूला वळत जातो. त्यामुळे जॅककडे, म्हणजे लक्ष्य असलेल्या छोट्या चेंडूकडे, नेम धरून टाकलेला बाउल कधीच जॅकजवळ थांबत नाही. नेम बाहेरच्या बाजूला धरावा लागतो आणि वळण किती मिळेल हे त्या दिवशीच्या गवतावर ठरते. जॅक मॅटपासून, म्हणजे जिथे उभे राहून बाउल टाकतात तिथून, किमान 23 मीटर दूर असतो. इतक्या अंतरावरून दीड किलोच्या आसपासचा बाउल वीतभर जागेत थांबवायचा असतो.

चौघांच्या खेळात प्रत्येकाला दोन बाउल मिळतात, त्यामुळे एका एंडला, म्हणजे सगळ्यांचे बाउल टाकून होण्याच्या एका फेरीत, दोन्ही बाजूंचे मिळून सोळा बाउल पडतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बाउलपेक्षा आपले जितके बाउल जॅकच्या जवळ, तितके शॉट आपल्याला. त्यामुळे एका एंडला जास्तीत जास्त आठ शॉट मिळू शकतात. असे क्वचित घडते, पण चार किंवा पाच शॉट एकदम जाणे ही रोजची गोष्ट आहे.

मी माझ्या क्लबकडून तिसऱ्या क्रमांकावर खेळते. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: निकाल एकूण शॉट्सवरच लागला पाहिजे. कारण सवडीने लिहिते.

पटावरचे प्यादे
बुद्धिबळात हा वाद होऊन गेला आहे, म्हणून लिहितो. ऑलिम्पियाडमध्ये पूर्वी प्रत्येक पटावरच्या गुणांची बेरीज करून संघांचे क्रमांक लावत असत. दुबळ्या संघाला 4-0 ने चिरडले की वरच्या क्रमांकावर झेप घेता येई. 2008 च्या ड्रेस्डेन ऑलिम्पियाडपासून पद्धत बदलली आणि संघाने सामना जिंकला की बरोबरीत सोडवला यालाच पहिले महत्त्व आले, फरक 2.5-1.5 असो वा 4-0, विजयाचे गुण तेवढेच. 2024 मध्ये बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले ते याच पद्धतीने. त्यात नागपूरची दिव्या देशमुख आणि नाशिकचा विदित गुजराथी हे दोघेही होते. मग बाउल्सवाले अजून बेरजेला का चिकटून आहेत?

खडू आणि मोजपट्टी
प्यादे यांनी चांगले उदाहरण दिले, पण ते माझ्याच बाजूचे आहे. बुद्धिबळात एका पटावरचा पराभव हा पूर्ण एका गुणाचाच असतो; खेळाडू अठराव्या चालीत हरो वा ऐंशीव्या. बाउल्समध्ये पराभवालाही आकार असतो. आमची रिंक नऊ शॉट्सनी मागे असेल आणि दोन एंड उरले असतील, तर ती रिंक जिंकणे जवळजवळ अशक्य झालेले असते. निकाल जिंकलेल्या रिंकवर लागणार असेल, तर त्या चौघांनी काय करायचे? पॅव्हिलियनमधल्या चहाची वाट पाहायची? एकूण शॉट्सची पद्धत असली की त्या चौघांचा शेवटचा बाउलही मोलाचा राहतो. नऊचे सात केले तर ते दोन शॉट शेजारच्या रिंकवर दोनने जिंकण्याइतकेच किमती असतात.

आणखी एक गोष्ट. प्रतिस्पर्धी चार शॉट धरून बसलेले असताना आमच्या स्किपला, म्हणजे चौकडीच्या कर्णधाराला, दोन मार्ग असतात. जोरात बाउल मारून सगळी मांडणी उधळायची, किंवा शांतपणे एक बाउल आत सरकवून चारचा एक करायचा. रिंक जिंकायचीच असेल तर उधळणे भाग पडते. बेरीज डोक्यात असेल तर दुसरा मार्ग शहाणपणाचा ठरतो, आणि तो जास्त अवघड असतो. काउंटी सामन्यातला खरा खेळ मला याच निर्णयात दिसतो.

वारणाकाठ
आपला मुद्दा मान्य करूनही एक शंका उरते. चारचा एक करणाऱ्या स्किपचे नाव कोणाच्या लक्षात राहते? फलकावर तर त्याची रिंक हरलेलीच दिसते आणि पुढच्या निवडीच्या वेळी निवड समितीही तोच फलक पाहते. आमच्या परिसरात अशा एका स्किपला पुढच्या सामन्यात राखीव ठेवले गेले.

सदाशिव निवृत्त
मी सेवानिवृत्तीनंतर मुलीकडे केंब्रिजशायरमध्ये येऊन-जाऊन असतो आणि एका क्लबात कधीकधी खेळतो. या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. अंतिम टप्प्यात निकाल केवळ बेरजेवर लागत असला, तरी मिडलटन कपच्या सुरुवातीच्या गटसाखळीत दोन्ही बाजूंचा मान राखलेला आहे. तिथे प्रत्येक सामन्याला 22 गुण असतात. त्यांतले 10 गुण एकूण शॉट्समध्ये जिंकणाऱ्या काउंटीला आणि उरलेले 12 गुण सहा रिंकमध्ये प्रत्येकी 2 याप्रमाणे वाटलेले. म्हणूनच बातम्यांमध्ये 16-6, 18-4, 20-2 असे निकाल वाचायला मिळतात.

धागाकर्त्यांचे उदाहरण या हिशोबात घातले, तर चार रिंक जिंकलेल्या पण बेरजेत हरलेल्या काउंटीला 8 गुण मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याला 14. म्हणजे ते हरले तरी रिकाम्या हाताने परतत नाहीत आणि गटातील स्थान ठरवताना ते आठ गुण उपयोगी पडतात. बाद फेरीत मात्र कोणीतरी एकच पुढे जायचा असतो, तिथे गुणांची वाटणी करून उपयोग नाही.

गवताची काडी
मला वाटते, सर्वजण कागदावरच्या आकड्यांवर भांडत आहेत आणि गवताला विसरत आहेत. एकाच ग्रीनवरच्या, म्हणजे खेळाच्या हिरवळीवरच्या, सहा रिंक सारख्या नसतात. कडेच्या रिंकवर हेजची सावली पडते, तिथे दव उशिरा वाळते आणि बाउल जड चालतो. मधल्या रिंकवर सीझनभर जास्त खेळ झालेला असतो, तिथे पायवाटा पडलेल्या असतात आणि एका बाजूने बाउल नीट वळतच नाही. अनुभवी स्किप पहिल्या दोन एंडना फोरहँड आणि बॅकहँड दोन्हीकडून टाकून पाहतो, ते याचसाठी.

ग्रीनचा वेग सेकंदांत सांगतात. बाउल हातातून सुटल्यापासून सुमारे 27 मीटरवर थांबेपर्यंत जितका वेळ लागेल तितका त्या ग्रीनचा वेग. त्यामुळे सेकंद जास्त म्हणजे ग्रीन जलद, कारण हलकेच सोडलेला बाउलही रेंगाळत तिथवर पोहोचतो. न्यूझीलंडमधल्या जलद ग्रीनच्या मानाने इंग्लंडमधली ग्रीन्स बरीच मंद असतात, आणि पाऊस पडून गेला की विचारूच नका. जलद ग्रीनवर वळण मोठे मिळते. मंद ग्रीनवर खांद्यातून जोर लावावा लागतो आणि वळण आखडते. मग एका रिंकवरचे नऊ शॉट आणि दुसऱ्या रिंकवरचे दोन शॉट यांची सरळ बेरीज कशी करता? अवघड रिंकवर फरक मोठे पडतात, सोप्या रिंकवर लहान. बेरजेची पद्धत अवघड रिंकला नको तितके वजन देते.

पटावरचे प्यादे
काडीताईंचा हा युक्तिवाद मला आतापर्यंतचा सर्वांत भक्कम वाटला.

खडू आणि मोजपट्टी
भक्कम आहे, पण पूर्ण नाही. अवघड रिंक दोन्ही चौकडींना सारखीच अवघड असते आणि कोणाच्या वाट्याला कोणती रिंक येणार, हे सोडतीने ठरते. तिथे नऊने हरणारे चौघे ग्रीनमुळे हरत नाहीत, प्रतिस्पर्ध्याने ती ग्रीन त्यांच्याआधी वाचल्यामुळे हरतात.

बोरीबंदर ते बर्मिंगहॅम
व्हिक्टोरिया पार्कचे नाव आले म्हणून आठवण झाली. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील लॉन बाउल्स याच मैदानावर झाले होते. लव्हली चौबे, पिंकी सिंग, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी 2 ऑगस्टला तिथेच सुवर्णपदक जिंकले. राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बाउल्समध्ये भारताला मिळालेले ते पहिले पदक. उपांत्य फेरीत न्यूझीलंडला 16-13 असे हरवले आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 17-10. अंतिम सामन्यात भारत 8-2 असा पुढे होता, मग आफ्रिकेने 10-8 अशी आघाडी घेतली आणि त्यानंतर त्यांना एकही शॉट मिळाला नाही. पुरुषांच्या चौकडीने रौप्य मिळवले.

चौघींपैकी एक झारखंड पोलिसात, एक आसामच्या वनखात्यात, एक दिल्लीत शाळेत क्रीडाशिक्षिका आणि एक झारखंडमध्येच जिल्हा क्रीडा अधिकारी. त्या दिवसापर्यंत आपल्यापैकी किती जणांना हा खेळ माहीत होता, हे प्रामाणिकपणे सांगावे.

मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा की तिथे एकच चौकडी होती. 8-10 असे मागे पडल्यावर त्यांना कोणत्याही शेजारच्या रिंककडे पाहायचे नव्हते. काउंटी सामन्यात मात्र स्वतःची रिंक सांभाळता सांभाळता पाच फलक नजरेच्या टप्प्यात असतात. मला तरी हा निराळाच खेळ वाटतो.

उनाड पारवा
म्हणजे भारतीय चौकडीला बेरीज करावी लागली नाही म्हणून सुवर्ण मिळाले, असे समजू काय? आमच्या शाळेतही हीच परिस्थिती होती.

मीनाक्षी लेस्टर
महिलांच्या काउंटी स्पर्धेचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, याचे नवल वाटले. मिडलटन कपसारखीच महिलांसाठी जॉन्स ट्रॉफी असते. पुरुषांची संघटना 1903 ची, क्रिकेटमधले डब्ल्यू. जी. ग्रेस हे तिचे पहिले अध्यक्ष, आणि क्रिकेट उतरणीला लागल्यावर ते इंग्लंडच्या बाउल्स संघाचे कर्णधारही झाले. महिलांची राष्ट्रीय संघटना 1931 मध्ये निघाली. 2008 मध्ये दोन्ही एकत्र येऊन बाउल्स इंग्लंड ही संस्था झाली. लेमिंग्टन हे आधीपासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे गाव होते. पुरुषांच्या स्पर्धा अनेक वर्षे समुद्रकाठच्या वर्दिंगला बीच हाउस पार्कवर होत असत आणि नंतर त्या इकडे आल्या. पुरुष आमच्या अंगणात आले, हे आमच्या क्लबातल्या ज्येष्ठ बायका अजून ऐकवतात.

बेरीज की रिंक, यावर माझे मत बेरजेच्या बाजूने आहे, पण कारण खेळाचे नाही, माणसांचे आहे. चोवीस जणी पहाटे एका बसने निघतात, खर्च बहुतांशी स्वतःचा असतो, ब्लेझर स्वतःच्या पैशांचा. परतीच्या प्रवासात चार रिंक जिंकलेल्या आणि दोन हरलेल्या असे दोन गट बसमध्ये पडू नयेत. बेरीज एकच असली की सगळ्या जणी एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात.

गवताची काडी
मीनाक्षीताई, अनुभव उलटा आहे. आठ शॉट्सनी हरलेल्या चौघींकडे उरलेल्या वीस जणी बसमध्ये कशा पाहतात, हे मी पाहिले आहे. कोणी काही बोलत नाही. सँडविचचा डबा मात्र त्यांच्यापर्यंत शेवटी पोहोचतो. निकाल रिंकवर लागला असता, तर त्यांनी एकच रिंक गमावली, एवढेच झाले असते.

सदाशिव निवृत्त
काउंटी म्हणजे नेमके काय, याचाही येथे विचार व्हावा. बाउल्समध्ये मिडलसेक्सचा संघ अजून आहे, जरी प्रशासनाच्या नकाशावरून ती काउंटी 1965 मध्ये गेली. हंटिंग्डनशायर 1974 पासून केंब्रिजशायरमध्ये आहे, पण ग्रीनवर ते दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. आपल्याकडे रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ एकाच राज्यातून खेळतात, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला कठीण नाही. हंटिंग्डनशायरसारख्या लहान काउंटीला चोवीस तुल्यबळ खेळाडू उभे करणे मोठ्या काउंटीपेक्षा अवघड जाते. त्यांच्या पहिल्या तीन-चार चौकड्या कोणालाही टक्कर देतील, पण पाचवी आणि सहावी उघडी पडते. निकाल जिंकलेल्या रिंकवर लागला, तर लहान काउंट्यांना संधी जास्त. वारणाकाठ यांच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा असेल तर तो या एका कारणासाठी.

खडू आणि मोजपट्टी
सदाशिवकाका, या मुद्द्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तरी इतके म्हणते की काउंटी अजिंक्यपद म्हणजे त्या काउंटीतल्या खेळाच्या खोलीची परीक्षा असावी. सर्वोत्तम चौघांची परीक्षा घ्यायला राष्ट्रीय स्पर्धेत चौघांचा स्वतंत्र गट आहेच. तिथे काउंटीतून पात्र ठरलेली क्लबची चौकडी खेळते. सहा चौकड्या मागितल्या आहेत त्या सहावी चौकडी कशी आहे हे पाहण्यासाठीच.

शेवटच्या एंडला काय घडते, ते सांगते. सहापैकी पाच रिंक संपलेल्या असतात. त्यांवरचे वीस खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्यांचे वीस, सगळे कडेला येऊन उभे राहतात. आमच्या सामन्यात एकूण बेरीज बरोबरीत होती आणि दोन बाउलपैकी जॅकजवळ कोणता, हे डोळ्यांना ठरवता येईना. अशा वेळी मोजण्याचे काम दोन्हीकडच्या तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंचे. एक बाउल कलून उभा होता, तो हलू नये म्हणून मी त्याला पाचर लावली. मग गुडघ्यांवर बसून दोरीच्या मापाचे एक टोक जॅकला टेकवले आणि दुसरे आधी त्यांच्या बाउलपर्यंत नेऊन घट्ट केले. तेच माप आमच्या बाउलकडे वळवले, तर ते बाउलला न लागता किंचित अलीकडेच राहिले. प्रतिस्पर्धी तिसरीने स्वतः मोजून पाहिले आणि मान हलवली. शॉट त्यांचा होता. एका शॉटने आम्ही हरलो, आणि रिंक मोजल्या असत्या तर तीन-तीन अशी बरोबरी झाली असती. तरीही माझे मत बदललेले नाही.

वारणाकाठ
आपण हरलेल्या सामन्याचा दाखला देऊन बाजू मांडली, त्यामुळे तिला जास्त वजन आले. सदाशिवकाकांनी सांगितलेली 22 गुणांची विभागणी मला मूळ प्रश्नात लिहायला हवी होती, कारण माझा आक्षेप खरे तर बाद फेरीपुरताच आहे. बाद फेरीतही बेरीज ठेवावी. पण बेरीज समसमान झाली तर जास्त रिंक जिंकलेल्याला पुढे जाऊ द्यावे, इतपत तडजोड मला चालेल.

पटावरचे प्यादे
बुद्धिबळातही आता अशीच उतरंड आहे, फक्त उलटी: आधी सामन्याचे गुण, मग बरोबरी सोडवायला इतर हिशोब.

गवताची काडी
मला ती तडजोड चालणार नाही, कारण समसमान बेरीज क्वचितच होते. न वापरली जाणारी सवलत देण्यात कोणाचेच काही जात नाही. त्यापेक्षा दोन्ही संघांना सहाही फलक सर्व रिंकवरून स्पष्ट दिसतील, एवढी सोय प्रत्येक ग्रीनवर करावी. कडेच्या रिंकवर उभे राहून पलीकडच्या कडेचा आकडा वाचायला मला चष्मा बदलावा लागतो. बेरजेवर निकाल लावायचा असेल, तर ती बेरीज खेळणाऱ्याला दिसली पाहिजे.

खडू आणि मोजपट्टी
यावर मात्र आपले एकमत आहे. बऱ्याच ठिकाणी संघ व्यवस्थापक रिंकमागून चालत येऊन स्किपच्या कानात सांगतो, "एकूण चारने मागे, दोन एंड बाकी." तो पोहोचेपर्यंत कधीकधी स्किपने बाउल टाकलेला असतो.

मीनाक्षी लेस्टर
आमच्याकडे व्यवस्थापक बाई बोटांनी खूण करतात. प्रतिस्पर्धी संघानेही ती खूण शिकून घेतली आहे, त्यामुळे आता दोन्ही संघांना बेरीज एकाच वेळी कळते.

उनाड पारवा
या ऑगस्टमध्ये भावाकडे कॉव्हेंट्रीला येणार आहे, लेमिंग्टन तिथून जवळ आहे असे कळते. प्रेक्षकाने काय पाळावे?

बोरीबंदर ते बर्मिंगहॅम
घडीची खुर्ची आणा, छत्री आणा आणि खेळाडू मॅटवर उभा असताना समोरच्या टोकाला, जॅकच्या मागे हालचाल करू नका. शक्य असल्यास कडेच्या रिंकजवळ बसा. तिथे बाउल जड चालतो, हे काडीताईंनी वर सांगितलेच आहे.